सत्तावीस नियमित विद्यार्थी

१

"यादी आखूड झाली ना पोरी, तर खूश होऊ नकोस. आधी घाबर."

रेकॉर्ड विभागातल्या मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करता करता, नव्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवत हे बोलल्या होत्या. मधेच शिक्षण सोडून गेलेल्यांच्या कागदांचे गठ्ठे छत्तीस वर्षं बांधून त्यांच्या बोटांवर सुतळीचे वळ उमटले होते. तिने मान डोलावली, जराशी हसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजत आले होते आणि पाळणाघर साडेचारला बंद व्हायचं. म्हाताऱ्या माणसांना मशीनचा राग असतोच, असं तिने तेव्हा मनाशी म्हटलं आणि पिशवी उचलून पळाली.

विद्यापीठ सरकारी होतं आणि फी परवडण्याजोगी, म्हणून आसपासच्या सगळ्या गावांतली मुलं तिथे यायची. निम्मी कुठे ना कुठे काम करून शिकत. प्रवेश सहज मिळायचा, पण टिकून राहताना नाकी नऊ यायचे. म्हणून गेल्या वर्षी 'विद्यार्थी मदत कक्ष' निघाला. कक्ष म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, एक फोन आणि ती. दर सोमवारी कॉम्प्युटर पहिल्या वर्षाच्या दांडीबहाद्दरांची यादी काढायचा आणि ती एकेकाला फोन लावायची. मुलं तिला 'फोनवाल्या मॅडम' म्हणत. घरी दोन वर्षांची लेक होती. नवरा बदलीच्या गावी असायचा आणि सलग झोप म्हणजे काय, हे ती विसरून गेली होती.

गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात यादीत त्रेचाळीस नावं होती. या वर्षी चौदाच. डीनसाहेबांनी पेढ्याचा बॉक्स मिळाल्यासारखा चेहरा केला होता. तीही खूश होती. खरं सांगायचं तर चौदाच फोन करायचे म्हणून जास्त खूश होती.

त्याच सोमवारी सकाळी एक बाई तिच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. प्रवासाने चुरगळलेली साडी, हातात मोबाईल.

"माझी लेक तुमच्याकडे पहिल्या वर्षाला आहे. कुठल्या वर्गात बसते ते सांगा. मला तिला बघायचंय."

"बसा ना. काय झालं?"

"दर रविवारी फोन असतो तिचा. दोन रविवार झाले, फोन बंद. आज तिच्या खोलीवर गेले. घरमालकीण म्हणते, पोरीने खोली सोडून दोन आठवडे झाले." बाईने मोबाईल पुढे केला. "पण तुमचा मेसेज तर येतोय. बघा. परवा शनिवारीच आलाय."

पडद्यावर विद्यापीठाचा साप्ताहिक संदेश होता : आपली पाल्य या आठवड्यात सहा दिवस उपस्थित.

बारा वाजता तिचा वर्ग भरला, तेव्हा दोघी मिळून तिथे गेल्या. एकशे ऐंशी मुलांचा हॉल. बाईने एकेका बाकावरून नजर फिरवली, मग पुन्हा पहिल्यापासून फिरवली. शिकवणाऱ्या सरांनी हातातला खडू खाली ठेवला. ती मुलगी तिथे नव्हती. तिच्या आजूबाजूला बसणाऱ्या मुलींनी तिला महिना-दीड महिन्यात पाहिलं नव्हतं.

कॉम्प्युटरवर मात्र आजच्या तारखेपुढे नोंद होती : उपस्थित, नऊ वाजून दहा मिनिटे.

"मग माझ्या लेकीच्या नावाने रोज येतंय ते कोण?" बाईने विचारलं.

२

संगणक कक्षातला ऑपरेटर पडद्यावरून डोळे न हलवता बोलायचा. त्याला कुणी भेटायला आलं की त्याच्या कपाळावर आठी चढायची.

"दारातून कार्ड गेलं की नोंद होते. कार्ड गेलं म्हणजे माणूस गेला."

"माणूस गेलेला नाही."

"मॅडम, तो माझा विषय नाही."

"बरं. मग तुमच्या विषयातलं विचारते. ज्या मिनिटाला या मुलीची नोंद होते, त्याच मिनिटाला रोज आणखी कुणाकुणाची होते, ते निघेल?"

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. बोटं चालली, प्रिंटर कुरकुरला. कागद हातात घेताना त्याची आठी आपोआप उतरली.

सत्तावीस नावं. सगळी पहिल्या वर्षाची. सगळी तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारपासून. रोज नऊ-आठ ते नऊ-बाराच्या दरम्यान, एकाच मिनिटात, सत्तावीसच्या सत्तावीस.

"म्हणजे कुणीतरी कार्डांची जुडी घेऊन आत शिरतंय," तो पुटपुटला.

तिने बेरीज केली. चौदा अधिक सत्तावीस, एक्केचाळीस. गेल्या वर्षीइतकीच मुलं गळत होती. फक्त त्यांतल्या सत्तावीस जणांना कुणीतरी रोज हजर करत होतं. हजर माणसाला फोन जात नाही. या सत्तावीस जणांना सात आठवड्यांत कुणी साधं 'कुठे आहेस' असंही विचारलं नव्हतं.

"तुम्हाला नोंदी बदलता येतात ना?" तिने सरळ विचारलं.

"येतात. आणि मी केलं असतं तर इतकं वेडगळ केलं नसतं. सत्तावीस जण एका मिनिटात? थोडं मागेपुढे केलं असतं." त्याने कागदावर बोट टेकवलं. "शिवाय हे बघा. तीन दिवस सगळेच्या सगळे गैरहजर. पाचव्या आठवड्यातला मंगळवार, बुधवार, सातव्यातला शुक्रवार. खोटं करणारा खाडे कशाला ठेवेल?"

तिने त्या तीन तारखांभोवती पेनाने गोल काढले. तेवढ्यात फोन आला : डीनसाहेबांनी तातडीने बोलावलं होतं.

३

बातमी तिच्याआधी पोचली होती.

"शुक्रवारी समिती येतेय," डीनसाहेब म्हणाले. ते रोज अकराला यायचे आणि आल्या आल्या दमलेले दिसायचे. "गळती दोन तृतीयांशाने घटली, हे मी त्यांना कळवून बसलोय. त्यावर पुढच्या वर्षी मदत कक्ष चालणार की नाही ते ठरणार. म्हणजे तुमचीच खुर्ची. आणि तुम्ही आत्ताच उकरून काढताय?"

"एक मुलगी बेपत्ता आहे, सर."

"पोलिसांत जाऊ द्या त्यांना."

"जातील. पण पोलीस पहिलं विचारतील, शेवटची कधी दिसली. आपण सांगणार, आज सकाळी नऊ-दहाला."

त्यांनी मग चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्हाला वाटतंय मी करवून घेतलं. आकडे माझ्या कामाचे आहेत, मान्य. पण वर्गातली हजेरी बंद करायचा आदेश काढला तो मुलांचा वेळ वाचावा म्हणून. एकशे ऐंशी नावं पुकारायला पंधरा मिनिटं जातात, बाई. मला काय माहीत होतं, दार खोटं बोलेल!"

बाहेर पडताना तिला त्यांचा राग येण्याऐवजी कीवच आली. तरीही संशयितांच्या यादीतून त्यांचं नाव तिने खोडलं नाही.

नऊ-दहाला दारात हमखास असणारा माणूस एकच होता : मिशीवाले काका. गेटवरचे रखवालदार. सहा फूट उंची, आवाज मात्र मुंगीसारखा.

"काका, रोज सकाळी नऊ-दहाला इथे काय होतं?"

"काय होणार? गर्दी. तुम्ही येता, खांद्यावर ती गोणी घेऊन, धापा टाकत." ते हसले. "आता कार्ड काढून दाखवायची पण कटकट नाही. खिशात असो, दप्तरात असो, दाराला कळतं. टिक वाजतं, झालं. तुम्ही आलात की मात्र दार लांबलचक गातं. पोरीचे डबेबिबे असतील त्यात, पत्र्याचे."

"कुणी कार्डांची जुडी घेऊन येताना पाहिलंत?"

"माझ्या नाकासमोरून? शक्य नाही."

"आणि तुम्ही नसताना?"

त्यांना ते लागलं. त्यांनी ड्युटीची वही काढून तिच्यापुढे धरली. सहाव्या आठवड्यात चार दिवस ते पुतणीच्या लग्नाला गेले होते. तिने प्रिंटशी ताडून पाहिलं. त्या चारही दिवशी सत्तावीस जण हजर होते. म्हणजे काका नव्हेत.

मुलीची आई बाहेरच्या कट्ट्यावर बसून होती. "एका आठवड्यात चारच दिवस आले होते मेसेजमध्ये," ती आपण होऊन म्हणाली. "मी फोनवर फाडफाड बोलले तिला. दोन दिवस कुठे उंडारत होतीस म्हणून. काही बोललीच नाही हो. नुसतं 'बरं' म्हणाली."

ते दोन दिवस म्हणजे पाचव्या आठवड्यातले मंगळवार, बुधवार. जुडी आणणारा त्या दोन्ही दिवशी आला नव्हता. मग सातव्या आठवड्यातल्या शुक्रवारी तो पुन्हा आला नाही. विद्यार्थी असेल तर शोधणं कठीण. पण नोकरदार असेल तर त्याची रजा कुठेतरी लिहिलेली असणार.

४

आस्थापना विभागात कर्मचाऱ्यांचं रजेचं रजिस्टर असायचं, जाड, हिरव्या बांधणीचं. तिथल्या क्लार्कबाईंनी ते कुरकुरत दिलं. "लवकर हं. जेवणाची सुट्टी होईल."

मंगळवारी नऊ जण रजेवर. बुधवारी सात. दोन्ही दिवशी रजेवर असलेले चौघं. त्यांतलं शुक्रवारी रजेवर कोण, हे पाहायला तिने पान उलटलं.

एकच नाव उरलं.

तिने ते तीनदा वाचलं. रजेचं कारण : मुलीला ताप. खाली सही. सही तिचीच होती.

"काय हो, चेहरा का असा पांढरा पडला?" क्लार्कबाई म्हणाल्या. "पाणी देऊ?"

५

ती मदत कक्षात आली आणि दार लोटून घेतलं. मुलीची आई मागोमाग आत आली. तिला बाहेर थांबवायचं बळ तिच्यात नव्हतं.

तिने पिशवी टेबलावर उपडी केली. दोन फ्रॉक, एक सुकलेला लंगोट, पाण्याची बाटली, तापाचं औषध, एका कानाचा कापडी ससा, ओल्या रुमालांचं पाकीट, बिस्किटांचा चुरा. आणि बाजूच्या कप्प्यातून, टोपड्याखालून, रबर लावलेलं एक जाड खाकी पाकीट.

तेव्हा आठवलं. सोमवारपासून दाराला कार्ड लागणार म्हणून दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी नवी कार्डं वाटली होती, एकच दिवस, दहा ते अकरा. त्या वेळी कामावर असणारी मुलं येऊ शकली नाहीत. त्यांची उरलेली कार्डं तिच्याकडे आली, वर चिठ्ठी : फोन करून बोलवावे. कक्षात गर्दी होती. घरी नेऊन लेक निजली की फोन करू, असं तिने ठरवलं. लेक निजली, तिच्याआधी तीच निजली. सोमवारी ती पाकीट पिशवीत घेऊनच दारातून आत आली. कॉम्प्युटर उघडून त्यातली चार-पाच नावं पाहिली तर सगळे हजर. 'दुसरी कार्डं काढून घेतली वाटतं', असं म्हणून तिने सुटकेचा श्वास टाकला. पाकीट कार्यालयात परत द्यायचं राहिलं. मग ताप, मग सर्दी, मग दात.

त्या दिवसापासून रोज सकाळी ती सत्तावीस मुलांना खांद्यावर टाकून दारातून आत आणत होती. ज्यांना फोन करायचा म्हणून पाकीट घेतलं, नेमक्या त्यांचीच नावं तिने स्वतःच्या पिशवीने यादीतून पुसली होती.

"मी केलं हे," ती बाईला म्हणाली. "मुद्दाम नाही. पण मीच."

बाईने पाकिटातलं वरचं कार्ड उचललं. ते लेकीचं नव्हतं. दुसरं उचललं. आठव्या कार्डावर तिचा हात थांबला. फोटोवरची धूळ तिने पदराने पुसली.

"हे तुमच्यापाशी," ती हळू म्हणाली. "मग इतके दिवस ती आत कशी येत होती?"

तिने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

६

"काका, ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं, त्यांचं तुम्ही काय केलंत?"

मिशीवाल्या काकांनी आधी मिशीवरून हात फिरवला. मग न बोलता टेबलाखालून दुसरी वही काढली.

"कार्डाशिवाय सोडायचं नाही, आणि विद्यार्थ्याला पाहुण्याचा पास द्यायचा नाही. हुकूमच तसा. मी सांगायचो, कार्ड मदत कक्षात मिळेल. विचारायची, मदत कक्ष कुठे? मी म्हणायचो..." त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. "आत."

"मला कळवायचंत ना!"

"एकदा लावला होता फोन तुमच्या टेबलावर. कुणी उचलला नाही. बाकी पोरं काय, कार्ड हरवतात आणि थापा मारतात. म्हणून नुसती नावं लिहून घ्यायचो, उद्या कुणी विचारलं तर."

मुलीचं नाव वहीत चार वेळा होतं. बरोब्बर दुपारी पावणेबाराला, वर्ग भरायच्या आधी. चौथी नोंद पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारची. फोनवाली मॅडम घरी लेकीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत बसली होती, तोच मंगळवार. 'कुठून आलात' या रकान्यात मुलीने प्रामाणिकपणे लिहिलं होतं : चादरींची लाँड्री, मोठ्या दवाखान्यामागे.

"लाँड्री?" आई म्हणाली. "मला तर म्हणाली होती, सकाळी लायब्ररीत बसते."

दोघींनी रिक्षा केली. दवाखान्यामागच्या गल्लीत वाफेचा वास पसरला होता. पत्र्याच्या शेडमध्ये बायका लांबच लांब टेबलांवर चादरी दुमडत होत्या. कोपऱ्यातल्या मशीनपाशी एक मुलगी पाठमोरी उभी होती. आईने हाक मारली नाही. नुसती जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

मुलीने टोक ओढलं, वर पाहिलं आणि तिचा हात सुटला.

"आई, मी... फोन गरम पाण्यात पडला."

"दुसऱ्या कुणाचा नव्हता? मी मेले की जिवंत, हे तरी विचारायचंस!"

"काय सांगणार होते? कॉलेजने नाव काढलं म्हणून?"

"कोण म्हणालं नाव काढलं?"

"चार वेळा परत पाठवलं, आई. पाचव्यांदा जायची लाज वाटली. मग तूच म्हणालीस, चार दिवस हजर होतीस. मला वाटलं, माझी जागा दुसऱ्या कुणाला दिलीय आणि ती माझ्या नावावर बसतेय." तिने ओठ आवळले. "म्हटलं, असतील तसे नियम. खोलीत एकटी बसून काय करू? इथे वर बायकांबरोबर राहायची सोय आहे."

इतका वेळ दारात थांबलेली फोनवाली मॅडम पुढे झाली. बोलायचं बरंच ठरवलं होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं. "तुझ्या जागी कुणी बसलेलं नाही. तुझं कार्ड माझ्या पिशवीत होतं."

मुलीने कार्ड घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "आता परीक्षेचा अर्ज गेला असेल ना?"

"बुधवारपर्यंत आहे. हजेरीसाठी सही लागेल. ती मी आणते."

"आणि नाही मिळाली तर?" हे आईने विचारलं, आणि त्या आवाजात माफी नव्हती.

७

डीनसाहेबांच्या टेबलावर तिने उरलेली सव्वीस कार्डं मांडली आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकेक कार्ड उचलून फोटो पाहिले.

"चौदाचे एक्केचाळीस होतील," ते म्हणाले.

"आधीपासून एक्केचाळीसच आहेत, सर."

"समितीला सांगावं लागेल. तुमचं नाव कसं लिहू?"

"आहे तसं."

त्यांनी पेन उघडलं. मुलीच्या अर्जावर सही केली. मग, कुणी न सांगताच, आणखी सव्वीस कोरे अर्ज मागवले.

समितीने खुर्ची ठेवली की काढली, ते उन्हाळ्यात कळेल. तोवर मदत कक्षाचं टेबल दाराच्या बाहेर आलंय, रस्त्याच्या बाजूला, कार्ड नसलेल्यालाही दिसेल असं. ते संध्याकाळी साडेसहापर्यंत चालतं. साडेचारनंतर तिची लेक टेबलाखाली बसून रद्दी कागदांवर रेघोट्या मारते आणि मिशीवाले काका तिला बिस्किटं देतात. नको म्हटलं तरी देतात.

सव्वीस जणांपैकी एकोणीस परत आले. सहा जणांनी फोन उचलून, आता नको, असं सांगितलं. त्यांतल्या एकाने 'उशिरा का होईना, फोन केलात' म्हणून आभार मानले. तेवढं मात्र तिला सहन झालं नाही, रिसीव्हर ठेवून ती मागच्या जिन्यात जाऊन बसली.

एक कार्ड उरलंय. त्या नंबरवर आता दुसरंच कुणी बोलतं. पत्त्यावरची खोली रिकामी आहे. गेटच्या वहीत त्या कार्डावरच्या बाईचं नाव दोनदा आहे, 'कुठून आलात'च्या रकान्यात नुसती आडवी रेघ. बाई तिशीतली, केस मागे ओढून बांधलेले. फोटो कापताना कडेला एक बारीकसा हात राहिलाय, खांद्यावर टेकलेला. मूल असेल दोन-अडीच वर्षांचं. ते तिच्या कडेवर होतं, आणि फोटोग्राफरने त्याला चौकटीबाहेर ठेवलं.

फोनवाल्या मॅडमचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तुम्हालाच आहे. "तुमच्या जिन्यात, तुमच्या कारखान्यात, शेजारच्या भाड्याच्या खोलीत अशी कुणी असेल, कडेवर मूल घेऊन कामाला जाणारी, शिक्षणाचा विषय निघाला की बोलणं बदलणारी, तर आज तिच्याकडे जाऊन या. 'बरी आहेस ना' असं विचारू नका, ती हो म्हणेल. शेवटची वर्गात कधी बसली होतीस, ते विचारा."